पॅपच्या शेवटच्या नळीचं काडतूस

आमच्या हेमलॉक रन गावात माणसाची ओळख दोन गोष्टींवरून होत असे. तो कुठल्या चर्चमध्ये जातो आणि कुठलं काडतूस वापरतो. चर्च बदललेलं लोक वर्षभरात विसरून जात. काडतूस बदललं तर त्याची चर्चा त्या माणसाच्या दफनाच्या दिवशीही होई.

माझे वडील माहलन झर्बी रायफलच्या नळ्या बनवत. आम्ही दोघं भावंडं त्यांना पॅप म्हणत असू, आणि पुढे पुढे सगळं खोरंच पॅप म्हणायला लागलं. भरीव पोलादाच्या गजात आरपार भोक पाडायचं, मग त्या भोकात आतून पिळदार आटे कोरायचे, एका वेळी केसाच्या जाडीइतकंही पोलाद निघणार नाही अशा बेताने. एका नळीला दोन दिवस लागत. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं आणि त्या चाळीस वर्षांत एक नियम कधी मोडला नाही. गिऱ्हाईक आलं की कुठल्या काडतुसासाठी कोठी कोरायची एवढंच ते विचारत. ते काडतूस चांगलं की वाईट यावर अवाक्षर काढत नसत. कोठी म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा. ती एकदा कोरली की कोरली. त्या नळीचं त्या काडतुसाशी लग्न लागलं म्हणायचं.

"बायको आणि काडतूस ज्याचं त्यानं निवडावं," पॅप म्हणत. "म्हणजे नंतर शिव्या द्यायला कुणी माझ्या दारात येत नाही."

मी अकरा वर्षांची असल्यापासून त्यांची काडतुसं भरत आले. रविवारी चर्चमधून आल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घ्यायचं, त्यावर छोटा तराजू मांडायचा, आणि पितळेच्या प्रत्येक रिकाम्या काडतुसात बंदुकीची दारू तोलून घालायची. दाणा इकडचा तिकडे होता कामा नये. मग गोळी बसवायची. शाळेच्या वह्यांमध्ये मी सगळं लिहून ठेवत असे. कुठल्या तारखेला कुणी नळी नेली, कुठल्या काडतुसाची, आणि ती झिजली म्हणून नवी न्यायला तो परत कधी आला. लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. माझा स्वभावच तसा. शर्टांच्या कारखान्यात मी कॉलर शिवत असे, तिथेही इंचाला किती टाके पडतात ते मनात मोजल्याशिवाय माझा हात चालत नसे.

गावाच्या वरच्या अंगाला नेमबाजी क्लबचं हजार यार्डांचं मैदान होतं. खोऱ्याच्या या उतारावर सिमेंटची पन्नास टेबलं, मध्ये ओढा आणि गवत, आणि समोरच्या उतारावर कागदाची लक्ष्यं. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवायची, आणि दहा मिनिटांत दहा गोळ्या मारायच्या. मग त्या दहा भोकांपैकी एकमेकांपासून सगळ्यात लांब असलेल्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. ते जितकं कमी तितका माणूस मोठा. एवढ्या लांबून सोळा इंचांत दहा गोळ्या बसवणारा नेमबाज चांगला समजला जाई.

पन्नास टेबलं म्हणजे पन्नासच सभासद. सतरा नंबरचं टेबल पॅपचं. ते टेबल घालताना सिमेंट त्यांनी स्वतः कालवलं होतं. सभासद होण्यासाठी थांबलेल्यांची यादी नऊ वर्षांची होती. पण एक रीत होती. म्हाताऱ्या सभासदाने टेबल सोडायचं ठरवलं, तर हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत त्याच्या फेरीला त्याच्या घरातलं एक माणूस बसू शके. त्याने सोळा इंचांच्या आत दहा गोळ्या बसवल्या तर टेबल त्या घरात राही. नाही बसवल्या तर यादीतला पहिला माणूस पुढे येई. संधी एकच, दुसरी नाही.

१९७३च्या हिवाळ्यात, हरणांच्या शिकारीच्या पहिल्या सोमवारी, पॅप कॉफीचा मग उचलायला गेले आणि अर्धी कॉफी त्यांच्या कोटावर सांडली. आम्ही बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. जानेवारीत त्यांनी एकाच गजाचे दोन तुकडे कापून दोन नळ्या करायला घेतल्या. दोन दिवसांचं काम त्यांना तीन आठवडे लागलं. झाल्या तेव्हा त्यांनी लमारला आणि मला कारखान्यात बोलावलं. कारखाना म्हणजे घरामागची शेड.

लमार माझा धाकटा भाऊ. तेव्हा सत्तावीस वर्षांचा, लाकडाच्या गिरणीत कामाला, रेड्यासारखा दणकट आणि मनाने तितकाच सरळ.

"या शेवटच्या," पॅप म्हणाले. "एक तुझी, एक तिची. येत्या सप्टेंबरात मी टेबल सोडणार. तुमच्यातलं कोण बसणार ते ऑगस्टमध्ये सांगेन. काडतूस कुठलं ते सांगा, हात चालताहेत तोवर कोठी कोरून देतो."

लमारने श्वास घ्यायलाही न थांबता सांगितलं. त्याला हवं होतं ते त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी असलेलं काडतूस. साडेसहा मिलिमीटरची बारीक गोळी आणि तिच्या मागे भल्यामोठ्या काडतुसात गच्च भरलेली दारू. ती गोळी विजेसारखी जाई. पॅपनी नुसतं "बरं" म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला वेळ हवा.

मला सहा आठवडे लागले. तेवढ्या काळात गावाने माझी जी काही थट्टा केली ती एका वहीत मावली नसती. क्लबचे चिटणीस एलवुड शुई यांचं किराणाचं आणि दारूगोळ्याचं एकच दुकान होतं. मी पीठ आणायला गेले तरी ते विचारत, "व्हर्ना, ठरलं का? तुझं लग्न याच्याहून लवकर ठरेल." बहुतेकांचं म्हणणं, तीनशे मॅग्नम नावाचं काडतूस घ्यावं. निम्मी टेबलं त्याच्यावरच चालत होती. जाड गोळी, ढीगभर दारू, वाऱ्याला दाद देत नाही. फक्त खांद्याला घोड्याची लाथ बसल्यासारखा दणका बसतो. मी उसनी रायफल घेऊन वीस गोळ्या मारून पाहिल्या. खांदा काळानिळा झाला, पण तेवढ्याने मी मागे हटणारी नव्हते. मी शेतातली सफरचंदांची खोकी उचलत मोठी झाले होते.

मी वह्या काढल्या. अठरा वर्षांच्या वह्या. आणि त्यात शोधलं ते कुणाची रायफल कितपत नेमकी मारते हे नव्हे. नळी झिजली म्हणून कोण परत आलं आणि कोण आलं नाही, ते शोधलं. लमारच्या काडतुसासारखी वेगवान काडतुसं निवडणारे सगळे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत परत आले होते. मॅग्नमवाले तिसऱ्या-चौथ्या वर्षी. वह्यांमध्ये असं एकच नाव सापडलं की जे एकदा नळी घेऊन गेलं आणि पुन्हा उगवलंच नाही. आर्लन वर्ट, पोस्टमन, १९५६. काडतूस साडेसहा मिलिमीटरचं जुनं स्वीडिश. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सैन्याचं, बेताच्या दारूचं.

मी त्यांना फोन केला. ते डोंगरापलीकडे राहत. पॅपच्या मुलीचा फोन म्हटल्यावर त्यांना वाटलं पॅप गेले. तसं नाही म्हटल्यावर वाटलं, नळीचे काही पैसे द्यायचे राहिले असावेत. शेवटी मला नेमकं काय विचारायचंय ते कळलं तेव्हा ते खूप वेळ हसले.

"अगं, झिजायला ती काय जळते का?" ते म्हणाले. "चार हजारांवर गोळ्या मारल्यात. अजून कावळ्याचा डोळा सांग, फोडून दाखवतो. पण बाई, तुला कोणी हसलं तर माझं नाव सांगू नकोस."

मग मी गणितं मांडली. हे काडतूस गोळीला लमारच्याइतका वेग देत नव्हतं. पण यातली गोळी लांब आणि सडपातळ होती, वाऱ्याला पोट दाखवत नव्हती. आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर ती मॅग्नमपेक्षा जास्त सरकत होती ती एका वितीहूनही कमी. आणि तिचा दणका निम्म्याहून कमी.

मार्चमध्ये मी पॅपना सांगितलं. त्यांनी लेथ थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "बरं." लमार मात्र दाराशी होता.

"व्हर्ना, या काडतुसाने स्वीडनमध्ये म्हाताऱ्या सांबरांना मारतात. ती झोपलेली असताना."

"मग तू टेबलावर जागा राहा," मी म्हटलं.

गावाने ठरवून टाकलं की बाईच्या खांद्याला सोसत नाही म्हणून तिने हलकं काडतूस घेतलं. एलवुड शुईंनी तर खांद्याला उशी शिवून घे, कारखान्यात चिंध्या मिळतील, असंही सुचवलं. मी कुणाला खोडून काढलं नाही. खरं कारण वेगळं होतं. ती नळी पॅपच्या हातची शेवटची होती. मला ती टेबलावर दोन उन्हाळे नको होती, जन्मभर हवी होती. पण हे बोलून दाखवायचं म्हणजे गळ्यात काहीतरी दाटणार, आणि आमच्याकडे किराणा दुकानात कुणी गळा दाटून बोलत नसे.

एप्रिलपासून लमार दर शनिवारी मैदानावर जाऊ लागला आणि हळूहळू गिरणीतून सुटल्यावर रोजच. काडतुसात दारू अर्धा दाणा जास्त, अर्धा दाणा कमी. गोळी केसभर आत, केसभर बाहेर. प्रत्येक बदलाच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या, मोजायच्या, पुन्हा बदलायचं. आमच्या इथली माणसं या कामात इतकी रमतात की स्पर्धा ही या तयारीत येणारी अडचण आहे असं वाटावं. मी मात्र मोजून मारत होते. चार बदल करून पाहिले, पाचवा केला नाही. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या नळीतून एकशेवीस गोळ्या गेल्या होत्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दोघांनी पॅपसमोर दहा-दहा गोळ्या मारल्या. माझ्या साडेतेरा इंचांत बसल्या. लमारच्या आठ इंचांत. आठ इंच म्हणजे जेवणाच्या ताटाहून लहान. मैदानावरचे लोक त्याची पाठ थोपटायला धावले, आणि मीही थोपटली. पॅपनी त्याच दिवशी एलवुडच्या वहीत लमारचं नाव लिहवून घेतलं. त्यात काही चुकीचं नव्हतं. त्या दिवशी कुणीही तेच केलं असतं. मी घरी येऊन भांडी घासली आणि दोनदा घासली.

त्या दिवशी लमारने हात आखडता घेतला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण आठ इंच मिळाल्यावर त्याला सात हवे झाले. आणि सात होतात का ते बघायला तो चार आठवडे रोज मारत राहिला. जमलंय याची खात्री करून घेतोय, असं म्हणे.

स्पर्धा शनिवारी. शुक्रवारी दुपारी तो सरावाहून आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. त्याने लक्ष्याचा कागद टेबलावर अंथरला. दहा भोकं तीस इंचांत विखुरलेली, आणि त्यातली दोन गोल नव्हती, लांबट होती. म्हणजे गोळ्या कोलांट्या खात गेल्या होत्या. त्याने रायफलवरची दुर्बीण बदलली होती, स्क्रू काढून पुन्हा आवळले होते, दारूचा डबा नवा फोडला होता. काहीच फरक नाही.

"किती गोळ्या मारल्यास या नळीतून?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत."

मी मोजल्या होत्या. त्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या पेट्या शेडमध्ये एकावर एक रचलेल्या होत्या. पेटीत शंभर गोळ्या. पेट्या बारा.

पॅपनी नळी सुटी केली, खिडकीकडे धरली आणि मागच्या टोकातून डोळा लावला. नळी त्यांच्या हातात थरथरत होती म्हणून लमारने दुसरं टोक धरलं. मग त्यांनी मला बघायला दिलं. कोठीच्या लगेच पुढे, जिथून आटे सुरू व्हायला हवेत, तिथे आटे उरलेच नव्हते. ज्वाळेने जळलेलं पोलाद उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलं होतं. एवढ्या बारीक भोकातून एवढी दारू बाराशे वेळा गेली होती. सगळ्यात चांगलं काडतूस शोधता शोधता लमारने नळी खाऊन टाकली होती.

मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मग लमार म्हणाला, "व्हर्ना, तुझी रायफल दे. नाव माझं आहे. मी मारतो."

संध्याकाळच्या आत हे सगळ्या गावाला माहीत झालं होतं, आणि सगळ्या गावाला ते पटलं होतं. नऊ वर्षांच्या यादीतला पहिला माणूस शेजारच्या खोऱ्यातला होता, त्यामुळे टेबल झर्ब्यांकडेच राहावं असं सगळ्यांना वाटत होतं. एलवुड शुई स्वतः दारात आले. टोपी काढून पॅपना समजावू लागले, की लमारने आठ इंच मारलेत, हात त्याचा आहे, रायफल बहिणीची असली म्हणून काय झालं. मी चुलीशी उभी राहून ऐकत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी ढवळायचा चमचा खाली ठेवला आणि बाहेर गेले.

"रायफल मी देणार नाही," मी म्हटलं. "त्या काडतुसाला लमारचा हात नाही, माझा आहे. दारू मी तोलली, गोळी मी बसवली, ती कधी किती सरकते ते मला माहीत आहे. मारीन तर मी मारीन. नाहीतर टेबल जाऊ दे."

"टेबल जाऊ दे?" लमार म्हणाला. "पॅपचं टेबल?"

"पॅपची नळी घालवली ती कुणी, मी?"

हे बोलायला नको होतं. तो पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, पण गुडघे जवळ घेऊन बसला. एलवुड शुई टोपी फिरवत राहिले.

पॅप ओसरीवरच्या आपल्या खुर्चीतून हलले नव्हते. ते हळू बोलले, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

"चाळीस वर्षं कुणाला काडतुसाचा सल्ला दिला नाही. मला वाटायचं हा माझा शहाणपणा. हा पोरगा एप्रिलपासून नळी जाळतोय, रोज आवाज माझ्या कानांवर पडत होते. मी मोजले नाहीत. ऑगस्टमध्ये मी कागदावरची भोकं बघून नाव दिलं. नळीत डोकावून बघितलं नाही. नळ्या बनवणारा मी, आणि मीच बघितलं नाही." मग एलवुडना म्हणाले, "लमार खोड आणि व्हर्ना लिही."

एलवुडनी म्हटलं, नियमांत बघावं लागेल, कारण आजवर मुलग्यांनीच ही फेरी मारली आहे. त्यांनी वही उघडून तिथेच वाचलं. लिहिलं होतं, घरातलं एक माणूस. मुलगी येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे तिला बंदी करायचं राहून गेलं होतं.

लमारने पायरीवरूनच विचारलं, "वारा कोण बघणार तुझा?"

"टेबलावर बसलेल्याला कुणी काही सांगायचं नसतं."

"सांगणार नाही. पण आत्ता उजेड आहे तोवर वर जाऊ. ओढ्यावरचा वाऱ्याचा झेंडा खोटं बोलतो. तो कधी खोटं बोलतो ते मला माहीत आहे."

बाराशे गोळ्यांतून त्याने निदान एवढं मिळवलं होतं, आणि ते त्याने मला दिलं. आम्ही सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत मैदानावर बसून होतो. ओढ्याजवळचा झेंडा पडलेला असतानाही वरच्या बाजूला वारा चालू असतो. पण डाव्या उतारावरचं गवत एकदम एकाच दिशेला वाकलं, की पुढची दोन मिनिटं सगळं खोरं एकाच वाऱ्यात असतं. त्याने मला ते तीनदा दाखवलं.

शनिवारी सकाळी मैदानावर सव्वाशे माणसं होती. चर्चच्या बायकांनी कोंबडी आणि मक्याच्या सुपाची पातेली मांडली होती. दरवर्षी त्यांच्यात मी असे. त्या दिवशी मी तिथून रायफल घेऊन पुढे गेले तेव्हा वाढणाऱ्या हातांतले डाव थांबले. पॅप सतरा नंबरच्या मागे, कुंपणाबाहेर, घरून आणलेल्या खुर्चीत बसले. लमार त्यांच्या मागे उभा राहिला.

आमच्या फेरीत दहा टेबलं होती. सुरुवातीला थोडा वेळ चाचणीच्या गोळ्या मारता येत, तेव्हा समोर लक्ष्यांखालच्या खंदकातली माणसं भोक कुठे पडलं ते दाखवत. मी दोन मारल्या, दुर्बिणीवरची नेम जुळवायची चकती दोन टिचक्या फिरवली, तिसरी मारली. ठीक होती. मग लक्ष्यं खाली गेली, कोरे कागद वर आले आणि दहा मिनिटं सुरू झाली. आता शेवटपर्यंत कुणी काही दाखवणार नव्हतं.

माझ्या दोन्ही बाजूंनी मॅग्नम गरजू लागले. जमीन हादरत होती. प्रत्येक गोळीला शेजाऱ्याची रायफल पिशव्यांवरून वीतभर मागे उडे, मग तो ती पुन्हा पुढे आणी, पुन्हा नेम धरी, आणि तेवढ्यात वारा बदललेला असे. मी मारलं नाही. गवत दोन्हीकडे हलत होतं.

एक मिनिट गेलं. तीन गेली. मी गालाला रायफल लावून डाव्या उतारावरच्या गवताकडे बघत होते. मागे कुजबुज सुरू झाली. चौथ्या मिनिटाला एलवुड शुई घड्याळ घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले, त्यांच्या बुटांचा आवाज ओळखीचा होता. पाच मिनिटं. शेजारच्या टेबलावरच्याने दहावी गोळी मारली आणि तो मागे टेकून माझ्याकडे बघायला लागला. एक बाई म्हणालेली मला स्पष्ट ऐकू आली, की बिचारी थिजली. मी थिजले नव्हते. माझं हृदय इतकं ठणकत होतं की दुर्बिणीतला क्रॉस त्याच्या ठोक्याबरोबर हलत होता, आणि मी तो थांबायची वाट बघत होते. कारखान्यात सुई दोरा खाते तेव्हाही मी असंच करते. मशीनवरचा पाय उचलायचा आणि नुसतं थांबायचं.

सात मिनिटं झाली आणि गवत वाकलं. सगळं, एकदम, उजवीकडे.

मी पहिली मारली. रायफल पिशवीवर जेमतेम बोटभर मागे आली आणि दुर्बिणीत कागद अजून तिथेच होता. याचसाठी मी ते काडतूस घेतलं होतं, हे मला त्या क्षणी पूर्ण कळलं. नळीचं आयुष्य हा अर्धाच हिशेब होता. बोल्ट मागे, काडतूस आत, बोल्ट पुढे, नेम तिथेच. दुसरी. तिसरी. मला रायफल परत जागेवर आणावी लागत नव्हती, ती तिथेच होती. मी वाऱ्याकडेही पुन्हा पाहिलं नाही, दोन मिनिटं तो माझा होता हे ठाऊक होतं. सातवीपर्यंत मी श्वास कधी घेतला ते आठवत नाही. दहावी मारली तेव्हा पितळेचं रिकामं काडतूस टेबलावरून घरंगळत खाली गेलं, आणि मी डोकं वर केलं तर ओढ्यावरचा झेंडा डावीकडे फडफडत होता.

मागून कुणी टाळी वाजवली नाही. आमच्याकडे कागद येईपर्यंत वाजवत नाहीत.

कागद खंदकातून ट्रकमध्ये घालून आणतात. त्याला पंधरा मिनिटं लागली. मी पॅपजवळ गेले नाही, पॅपनी बोलावलं नाही. रायफल पुसत राहिले. लमार मात्र ट्रकला सामोरा धावत गेला, आणि मी दुरून बघितलं तर तो सतरा नंबरचा कागद दोन्ही हातांत धरून चालत येत होता, ओल्या शर्टासारखा, अंगापासून लांब.

टेबलावर कागद अंथरला. लमारने एक कड धरली. एलवुड शुईंनी आधी भोकं मोजली, दहा होती. मग पोलादी पट्टी ठेवली, चष्मा चढवला, पट्टी उचलली, दुसऱ्या दोन भोकांवर ठेवली. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत नव्हते, पॅपच्या बुटांकडे बघत होते. पॅप खुर्चीतून उठून तिथवर आलेले मला कळलंच नव्हतं.

"अकरा इंच आणि एक अष्टमांश," एलवुड म्हणाले.

त्या दिवशी पहिल्या आलेल्याचे नऊ होते. मी पाचवी आले. पण सोळाच्या आत होतं, जवळजवळ पाच इंचांनी आत. टेबल झर्ब्यांचं राहिलं. सुपाच्या पातेल्यांकडून आवाज आला, मग सगळीकडून. एलवुड शुईंनी माझ्याशी हात मिळवला. "व्हर्ना, तुझ्या त्या खांद्याच्या उशीबद्दल मी काही बोललो असेन, तर ते माझ्या बायकोला सांगू नकोस," ते म्हणाले. मी म्हटलं, सांगणारच आहे. लमारने कागद अजून तसाच धरून ठेवला होता.

पॅप खाली वाकले. एकेका भोकावर त्यांनी बोट ठेवलं. बोट इतकं थरथरत होतं की ते नेमक्या भोकावर यायला वेळ लागत होता, पण त्यांनी दहाच्या दहा भोकांवर ठेवलं. मग ते सरळ झाले.

"एलवुड," ते म्हणाले, "पुन्हा मोज."

एलवुडनी चष्म्यावरून पाहिलं. "का? चुकलं वाटतं का तुला?"

"नाही," पॅप म्हणाले. "पुन्हा ऐकायचंय."

एलवुडनी पट्टी पुन्हा ठेवली. सावकाश, एका भोकाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत. आणि या वेळी आकडा त्यांनी इतक्या मोठ्याने वाचला, की तो ओढ्यापलीकडे खंदकातल्या माणसांनीही ऐकला असावा.